यादीत नाव कुणाचे? २०२१ मधली आमची गाणी

डिसेंबर आला की संगीताच्या याद्या येतात. वर्षातले सर्वोत्तम दहा अल्बम, सर्वोत्तम पंचवीस गाणी, गाजलेल्या मैफिली. इंग्रजी मासिके याद्या काढतात. मोबाईलवरची गाण्यांची ॲप तुम्ही वर्षभर काय ऐकले त्याचा हिशेब रंगीत चौकटीत घालून देतात आणि आपली पोरेही तो हिशेब स्टेटसला लावतात. त्यात गैर काही नाही. आम्हालाही गाण्यांचे वेड आहे. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत आम्ही सहा-सात जण गेली काही वर्षे एकत्र बसून गाणी ऐकतो आणि गाण्यांवरून भांडतो. यंदा ठरवले की २०२१ ची आपली यादी आपणच काढायची आणि ती तशी का आहे याची कारणेही द्यायची.

कारणे द्यायलाच हवीत, कारण यादी ही निरुपद्रवी गोष्ट नाही. यादी म्हणजे नोंद. पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक या काळातले संगीत शोधू लागला तर तो आधी याद्याच उघडेल. त्यात ज्याचे नाव नाही, तो त्या काळी नव्हताच असे धरून पुढे जाईल. ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिला, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

'इंडी' कुणाला म्हणायचे?

या याद्यांमध्ये हल्ली 'इंडी' हा शब्द सतत येतो. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या आणि चित्रपटाच्या आधाराशिवाय, स्वतःच्या हिंमतीवर काढलेले संगीत असा त्याचा मूळ अर्थ. भारतात मात्र या शब्दाचा अर्थ हळूहळू आक्रसत गेला. गिटार, इंग्रजी किंवा शहरी हिंदी, महाविद्यालयांचे महोत्सव आणि महागडी तिकिटे, एवढ्यात तो मावू लागला.

मूळ अर्थच लावायचा असेल तर आपल्याइतके इंडी कोण आहे? नाशिकच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात जलसा उभा केला तेव्हा त्यांच्यामागे कोणती कंपनी होती? वामनदादा गावोगाव फिरले ते कुणाच्या प्रायोजकत्वावर? वर्गणी काढायची, कंदील किंवा गॅसबत्ती लावायची, ढोलकी-पेटी घेऊन उभे राहायचे आणि रात्रभर गायचे. पुढे कॅसेट आल्या. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचे स्टॉल लागले. रेडिओने फारसे वाजवले नाही, वर्तमानपत्रांनी समीक्षा लिहिली नाही, तरी ही गाणी घराघरात पोहोचली. एवढी मोठी स्वतंत्र संगीतपरंपरा या देशात क्वचितच सापडेल. पण तिला इंडी म्हणत नाहीत. तिला 'जयंतीची गाणी' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डीजेचा गोंगाट असतो.

म्हणून आमची यादी काढताना आम्ही तीन प्रश्न विचारले. गाण्यात कुणाचे जगणे आहे? गाण्याचा मालक कोण आहे? आणि ज्याने ते रचले त्याचे नाव ऐकणाऱ्याला माहीत आहे का? गाणे यंदाच निघालेले असावे ही अट आम्ही ठेवली नाही. आपल्याकडे गाणे निघाल्या वर्षी संपत नाही.

वर्षाचे गाणे

यावर वाद झाला नाही. ७ मार्च २०२१ रोजी 'एन्जॉय एन्जामी' आले. गायले धी आणि अरिवू या दोघांनी, निर्मिती संतोष नारायणन यांची, शब्द अरिवूचे. आम्हाला तमिळ येत नाही. पहिल्यांदा आम्ही फक्त ठेक्यावर मान हलवली. नंतर अर्थ शोधून वाचला आणि मग ते गाणे वेगळेच ऐकू येऊ लागले.

हे गाणे अरिवूच्या आजीचे आहे. वल्लीअम्माळ तिचे नाव. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात राबलेली बाई. इंग्रजांनी तमिळ मुलखातून भूमिहीन मजूर सिलोनला नेले, त्यात दलित मोठ्या संख्येने होते. या मजुरांनी डोंगर साफ केले, मळे लावले. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाले आणि नव्या नागरिकत्व कायद्याने हीच माणसे कोणत्याच देशाची उरली नाहीत. १९६४ मध्ये शास्त्री-सिरिमावो करार झाला आणि सुमारे सव्वापाच लाख लोकांना भारतात पाठवायचे ठरले. ज्यांनी जमीन पिकवली त्यांना हातभरही जमीन मिळाली नाही. अरिवूच्या गाण्यात ही आजी आहे, झाडे आहेत, कोंबडा-कुत्रा-मांजर आहेत, आणि पूर्वजांनी ही भूमी सगळ्यांसाठी राखून ठेवली होती असा दावा आहे. मृतासाठी गायच्या 'ओप्पारी' या शोकगीताची चाल त्यात आहे आणि तरीही त्यावर पाय थिरकतात. 'एन्जामी' म्हणजे 'माझ्या स्वामी'. हा शब्द मजुराने जमीनदाराला उद्देशून वापरला, आणि तोच आजी नातवाला लाडाने म्हणते. गुलामीचा शब्द मायेचा करून टाकण्याची ही करामत कोणत्याही संगीतशाळेत शिकवत नाहीत.

आमच्यापैकी दोघांचे आजोबा नागपूरच्या कापड गिरण्यांमध्ये होते. गिरण्या बंद पडल्या आणि त्या माणसांची नावे कुठल्याही पाटीवर राहिली नाहीत. म्हणून मळ्यातल्या त्या आजीचे नाव गाण्यात आलेले पाहून आम्हाला काय वाटले ते सांगायला नको.

पण गोष्ट इथे संपत नाही. गाणे कोटींच्या घरात पाहिले गेले. त्याचे रिमिक्स निघाले आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर त्याची जाहिरात झळकली. जाहिरातीत अरिवू नव्हता. ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडिया या मासिकाच्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट द पॉल हे दोन कलावंत आले. निमित्त होते 'एन्जॉय एन्जामी' आणि 'नीये ओळी' या गाण्यांचे. दोन्ही गाण्यांशी शब्दांनी जोडलेला अरिवू त्या मुखपृष्ठावर नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे विचारले की हा माणूस पुन्हा अदृश्य कसा केला जातो? ओरड झाल्यावर मासिकाने अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. धीच्या आवाजाशिवाय ते गाणे तसे झाले नसते आणि संतोष नारायणन यांच्याशिवायही नसते. हे गाणे तिघांचे आहे आणि त्यांच्यात भांडण लावून आपल्याला काही मिळायचे नाही. सवाल व्यक्तींच्या वाईटपणाचा नाही. कुणी मुद्दाम बसून कट केला असेही आम्ही म्हणत नाही. जात अशीच काम करते, तिला कटाची गरज लागत नाही. तीन माणसांतून 'कलावंत' म्हणून कोणाचा चेहरा शोभेल हे ठरवताना हात आपोआप एका बाजूला जातो. गाण्यातले दुःख, भाषा आणि आजी चालते, पण नातू मुखपृष्ठावर सुचत नाही. ज्याच्या घरातून गाणे आले त्याला आपले नाव मागावे लागते. हीच अस्पृश्यता आहे, फक्त तिचे कपडे बदलले आहेत.

दुसरे गाणे आणि दोन अल्बम

दुसरे गाणे 'नीये ओळी'. जुलैमध्ये आलेल्या 'सारपट्टा परंबरै' या पा. रंजित यांच्या चित्रपटाच्या संगीतातले. उत्तर चेन्नईतल्या मुष्टियोद्ध्यांची ती कथा. कुणी म्हणेल, चित्रपटाचे गाणे इंडीच्या यादीत कसे? आमचे उत्तर, गाण्यात कुणाचे जगणे आहे ते पाहा. आणि या शीर्षकाचा अर्थ आहे 'तूच प्रकाश'. आम्ही तो वाचला आणि एकमेकांकडे पाहिले. 'अत्त दीप भव' विहारात ऐकत वाढलेल्या पोरांना ते गाणे परके कसे वाटेल?

यंदा आम्ही सर्वात जास्त ऐकलेला अल्बम २०१९ चा आहे. अरिवू आणि ऑफ्रो या जोडीचा 'तेरुक्कुरल'. तिरुक्कुरल हा तमिळांचा थोर ग्रंथ. त्यातले 'तिरु' काढून 'तेरु' केले की अर्थ होतो रस्त्याचा आवाज. नावातच अख्खा जाहीरनामा आहे. अरिवू घडला तो 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या समूहात. ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईत या समूहाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पा. रंजित यांची नीलम ही सांस्कृतिक संस्था आणि संगीतकार तेनमा यांनी तो उभा केला. उत्तर चेन्नईचे गाना, परै, रॅप आणि रॉक एका मंचावर आणले, आरक्षणावर गाणे केले, गोमांसावर केले, बाबासाहेबांवर केले. समूहाच्या नावामागे पंडित अयोथीदास यांचा 'जातिविहीन तमिळ' हा विचार आहे. हे अयोथीदास म्हणजे १८९८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारणारे. १९५६ च्या अठ्ठावन्न वर्षे आधी. तमिळ रॅप ऐकता ऐकता आम्ही अयोथीदासांपर्यंत पोहोचलो. गाण्याने अशी दारे उघडावीत.

दुसरा अल्बम कोणत्याही दुकानात मिळणार नाही, कारण तो आम्ही वस्तीतून गोळा केला आहे. जुन्या कॅसेट. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या बंद पडलेल्या टेपमध्ये अडकलेल्या. फीत तुटलेली होती तिथे चिकटपट्टीने जोडली आणि एकेक बाजू संगणकावर उतरवून घेतली. हे काम आम्ही का सुरू केले, ते पुढच्या भागात येईल.

वर्षाची मैफल

महामारीत मैफिली कुठल्या? १४ एप्रिलची जयंती घरात झाली आणि त्याच रात्री राज्यात निर्बंध लागले. त्याच्या आदल्या दिवशी, १३ एप्रिलला, आमच्या नागपूरचे वीरा साथीदार कोरोनाने गेले. 'कोर्ट' चित्रपटात त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळे साकारला. पण 'विद्रोही'चे संपादन केलेला, चळवळीत आयुष्य घालवलेला हा माणूस त्या भूमिकेच्या आधीपासून आमचा होता. त्यांना रस्त्यावर उतरून निरोपही देता आला नाही.

१५ ऑगस्ट २०२१ ला वामनदादा कर्डकांचे शंभरावे वर्ष सुरू झाले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये त्यांचा जन्म. त्या संध्याकाळी आमच्या विहारात तीस-चाळीस माणसे मास्क लावून अंतरावर बसली आणि आम्ही छोटा कार्यक्रम केला. जुने कव्वाल होते आणि दोन नवी रॅप करणारी पोरे होती. नियम एकच ठेवला. प्रत्येक गाण्याआधी ते कुणी लिहिले हे सांगायचे. वामनदादांची गाणी सहज पार पडली. पण तीन गाणी अशी निघाली की ती सगळ्यांना पाठ होती आणि कवी कुणालाच माहीत नव्हता. त्यातले एक नामांतराच्या काळातले. सगळे एकमेकांकडे पाहू लागले तेव्हा बेंजो घेऊन बसलेले काका हळूच म्हणाले, "ते माहं आहे."

गेली कित्येक वर्षे हे काका जयंतीला बेंजो वाजवतात. ते गिरणी कामगार होते. १९७८ मध्ये नामांतरासाठी नागपुरात गोळ्या चालल्या, त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी ते गाणे रचले. कुणाच्या तरी कॅसेटमध्ये ते गेले, चालले, आणि वस्तीत परतले तेव्हा बिननावाचे होऊन परतले. "कधी सांगितलं का नाही?" असे विचारले तर म्हणाले, "सांगाची वेळच नाही आली ना बाबू. लोकं गात होते, तेच मोठं वाटे."

ही आमच्यासाठी वर्षाची मैफल. लाऊडस्पीकर एकच होता आणि तोही मधून मधून खरखरत होता.

पुढे काय झाले तेही ऐका. त्या रात्रीचे, काकांच्याच आवाजातले गाणे त्यांच्या नातवाने यूट्यूबवर टाकले. काही दिवसांतच सूचना आली की या गाण्यावर एका कंपनीचा हक्क आहे. ज्याने रचले, त्याच्याच तोंडून निघालेले गाणे, त्याच्याच नातवाने टाकलेले, आणि हक्क दुसऱ्याचा! काकांना विचारले की कधी काही लिहून दिले होते का? त्यांना एका कागदावरची सही आठवते आणि हातात पडलेले शंभर रुपये आठवतात. म्हणून कॅसेटी. त्यानंतर आम्ही घरोघरी फिरलो आणि प्रत्येक वेष्टन तपासले. गायकाचे नाव मोठे, कंपनीचे त्याहून ठळक. गीतकाराचे नाव निम्म्याहून अधिक वेष्टनांवर नाही.

अरिवू चेन्नईतला तरुण आणि आमचे काका नागपूरचे सत्तरीचे. एकाचे गाणे टाइम्स स्क्वेअरला पोहोचले, दुसऱ्याचे चार जिल्ह्यांत. पण दोघांचे दुखणे एकच आहे.

आणखी एक मैफल यादीत आहे, ती झालीच नाही. २०२१ मध्ये कबीर कला मंचाचे सागर गोरखे आणि रमेश गायचोर तळोजा तुरुंगात होते, ज्योती जगताप भायखळ्याच्या तुरुंगात. सप्टेंबर २०२० पासून. खटल्याचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण वर्षाच्या मैफिलींचा हिशेब मांडताना जे गळे आत होते त्यांची नोंद न करणारी यादी आम्हाला मान्य नाही.

'नावाचा हट्ट कशाला?'

आमच्या या आग्रहावर चळवळीतलेच काही ज्येष्ठ आक्षेप घेतात. भीमगीत समाजाचे आहे, ते एकट्याचे नाही, नाव आणि पैसा मागणे म्हणजे व्यक्तिवाद, असे ते म्हणतात. या म्हणण्यात त्याग आहे, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेत नाही. जलसाकारांनी नावासाठी गायले नाही हे खरेच आहे.

पण विचार करा. गाणे समाजाचे राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. ते समाजाचे राहिले नाही, ते कंपनीचे झाले. आपण नाव सोडले, त्यांनी मालकी लिहून घेतली. शिवाय निनावी राहणे हा त्याग कुणाच्या वाट्याला येतो तेही पाहा. घराणेदार गायकाच्या बंदिशीला गुरूचे नाव, आजोबांचे नाव, घराण्याचे नाव लागते. शाहिराच्या गाण्याला मात्र 'पारंपरिक' म्हणायचे. हयात माणसाचे गाणे पारंपरिक कसे असते? ज्याचे श्रम आहेत त्याचे नाव लागले पाहिजे, ही मागणी आंबेडकरी चळवळीच्या गाभ्यातलीच आहे.

तमिळ मित्रांकडून इथे शिकण्यासारखे आहे. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, चेन्नईत कर्नाटक संगीताचा मोठा हंगाम असतो. त्यात परै वाजवणाऱ्याला जागा नव्हती. याच परैवरून परैयर आणि त्यावरून इंग्रजीतला 'बहिष्कृत' अर्थाचा 'परिया' शब्द आला. नीलमने डिसेंबर २०२० मध्ये त्याच महिन्यात 'मार्गळियिल मक्कळिसै', म्हणजे मार्गळीतले लोकांचे संगीत, हा महोत्सव सुरू केला. यंदा तो मदुराई आणि कोइमतूरलाही झाला. त्यांनी प्रस्थापितांच्या मंचावर जागा मागत बसण्यापेक्षा त्याच मोसमात आपला मंच घातला. आपल्याकडे हलगीवाले आहेत, एकतारीवर बाबासाहेब गाणाऱ्या कडुबाई खरातांसारख्या गायिका आहेत, कव्वाल आहेत, रॅप करणारी नवी पोरे आहेत. मंच का नाही?

करायचे काय?

मित्रांनो, यादी काढून आम्ही थांबणार नाही. जयंतीच्या प्रत्येक कार्यक्रमात गाण्याआधी गीतकाराचे नाव घेण्याचा नियम करा. मंडळाच्या जमाखर्चात डीजेच्या भाड्याबरोबर कलावंताच्या मानधनाचाही रकाना ठेवा, आणि तो आधी भरा. जे गाणे चढवाल त्याखाली शब्द, चाल, गायन, वादन अशी चारही नावे लिहा.

आणि कायदा वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते की हक्क विकले तरी 'ही कृती माझी आहे' असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीतल्या वाट्याला संरक्षण दिले. गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था आहे, तिचे सभासद होता येते. आपल्या किती शाहिरांना हे कुणी सांगितले? वस्तीत वकिलीचे शिक्षण घेणारी पोरे आहेत. त्यांनी एका शाहिराचे एक प्रकरण हाती घेतले तरी पुष्कळ झाले. काकांचे प्रकरण आम्ही घेतले आहे. नातवाने त्या हक्काला हरकत नोंदवली आहे, उत्तर यायचे आहे.

आमची २०२१ ची यादी ही अशी आहे. गाणी: 'एन्जॉय एन्जामी', 'नीये ओळी' आणि बेंजोवाल्या काकांचे नामांतराचे गाणे. अल्बम: 'तेरुक्कुरल' आणि वस्तीतल्या कॅसेट. मैफिली: १५ ऑगस्टची विहारातली, आणि तुरुंगात अडकलेली एक. कुणाला ही यादी अपुरी वाटेल. वाटलीच पाहिजे. तुमच्या वस्तीतली, तुमच्या तालुक्यातली यादी तुम्ही काढा, आणि तिच्यात किमान एक नाव असे असू द्या जे आजवर कोणत्याही वेष्टनावर छापले गेलेले नाही. १४ एप्रिलपर्यंत वेळ आहे. ज्यांना विचारायचे आहे ती माणसे सत्तरी-ऐंशीची आहेत, तेव्हा फार उशीर करू नका.

जयभीम.